रूमवर साथ आहे

मी आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या तब्येतीचा विचार केला, आणि त्या आठवड्यात आमचं सगळं घर अंथरुणाला खिळलं.

तेव्हापासून मी कुणाचं भलं करायला जात नाही. कुणी समोर शिंकलं तर मी सल्ला देत नाही, रुमाल पुढे करत नाही, मुकाट्याने जागा बदलतो. लोक मला माणूसघाणा म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांच्या नाकापायी त्यांच्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायला आलेलं नसतं.

त्या वर्षी मी जालन्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. (दुसऱ्यांदा. पण तो विषय वेगळा.) आमचं गाव बदनापूरच्या पलीकडे, आडवळणाला. रोजचं येणं-जाणं जमेना म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुन्या जालन्यात एक खोली करून दिली होती. खोली स्वस्त मिळाली, कारण ती मिरचीच्या ठोक दुकानाच्या बरोबर डोक्यावर होती. सकाळी खाली पोती झटकायला लागले की वर आमचा दिवस शिंकांनी उजाडायचा. बारा महिने नाक गळतंय, डोळे लाल, घसा खवखवतोय! अशा खोलीत फ्लू आला तरी ओळखायचा कसा? चार दिवस आमच्यात राहून, जेवून गेला असता तरी कळलं नसतं.

खोलीत माझा जोडीदार गजानन ऊर्फ गज्या. जांब समर्थकडचा. मनाने राजा माणूस, पण 'माझं' आणि 'तुझं' हे शब्द त्याला कुणी शिकवलेच नव्हते. माझा टॉवेल त्याचा, माझं पांघरूण त्याचं, माझा पेला त्याचा. चहा आम्ही एकच सांगायचो. बशी त्याची आणि कप माझा, असा करार होता. बशी संपली की करारही संपायचा.

मार्गशीर्षात आभाळ आलं. धड ऊन नाही, धड पाऊस नाही, नुसता मळकट उजेड. कॉलेजात एकेक बाक शिंकायला लागला. तेव्हा आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी सगळा तास खर्ची घालून आम्हाला बजावलं, "मुलांनो, ही साधी सर्दी नव्हे. ही इन्फ्लुएंझाची साथ आहे, साथ! पेला वेगळा, टॉवेल वेगळा. शिंकताना तोंडावर रुमाल. हात साबणाने धुवा, पाणी भरपूर प्या, झोप काढा. आणि आजारी पडलात तर गावाकडे पळू नका. घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना प्रसाद वाटायचा नाही. खोलीवर पडून राहायचं."

मी भारावून गेलो. आमच्या घरात सर्दीला सर्दी म्हणायचे आणि तापाला ताप. साथ म्हणजे पटकीची, गॅस्ट्रोची. माणसं ज्यात पटापट जातात ती. नाकातल्या पाण्यालासुद्धा इतका भारदस्त शब्द असतो हे मला नव्यानेच कळत होतं. मी दिवसभर तो तोंडात घोळवला. शिकल्यासारखं वाटत होतं. (मार्कांत तसं कधी दिसलं नाही.)

पण मला खरी धास्ती होती ती आक्काची. आक्का माझी मोठी बहीण. दोन वर्षांपूर्वी परतूरकडचे पाहुणे तिला बघायला आले होते आणि नेमकी त्याच दिवशी तिला सर्दी झाली होती. "नाव काय, बाई?" असं विचारल्यावर ती "शकुं" एवढंच म्हणाली आणि "तला" म्हणायच्या आत जो खोकला लागला तो काही थांबेना. पाहुणे पोहे न संपवताच उठले. पोरीला छातीचं काहीतरी आहे, ही बातमी त्यांच्या आधी परतूरला पोहोचली. पुढची स्थळं उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायला लागली. तेव्हापासून आक्का खोकला गिळायला शिकली होती. घशाशी आला की गुळाचा खडा तोंडात टाकायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण आवाज नाही. ते बघून मला रडू यायचं.

आणि आता एका स्थळानं होकार दिला होता. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. रविवारी सुपारी फुटणार होती.

म्हणून मी ठरवलं, की या आठवड्यात जंतूला जवळ फिरकू द्यायचं नाही. वेगळा पेला आणला, त्यावर खिळ्याने नाव कोरलं. नवा रुमाल घेतला, त्यावर निलगिरीचे थेंब टाकले. गज्या माझ्याकडे बघत खोकत होता. दोन दिवस मी टिकलो. मग रुमाल गज्याच्या खिशातून निघाला.

"गज्या! हा माझा रुमाल आहे!"

"मला वाटलंच," गज्या त्यात नाक शिंकरून म्हणाला, "माझा इतका साफ कसा काय ऱ्हायला, म्हणलं!"

मंगळवारी मला ताप भरला. अंगातली हाडं कुणीतरी काढून, मोजून, उलटी बसवल्यासारखी दुखायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि निश्चय केला: मेलो तरी बेहत्तर, घरी जायचं नाही. आक्काला हा खोकला द्यायचा नाही. असा त्याग मी पूर्वी कधी केला नव्हता. मनातल्या मनात मी स्वतःला हारसुद्धा घातला.

बुधवारी सकाळी दार वाजलं. भानुदासकाका होते. गावातले आमचे शेजारी. जुन्या जालन्यात एका धान्याच्या आडतीवर मुनीम. रोज बदनापूरहून रेल्वेने यायचे-जायचे. आमच्या घरचे निरोप तेच आणायचे आणि तेच न्यायचे. वाटेत निरोप जरा अंगाने भरायचा, पण पोहोचायचा मात्र जल्दी.

"सुध्या, दार उघड! आप्पानं सांगितलंय, शनवारी सांजच्याला घरी पाह्यजे."

मी आतून ओरडलो, "काका, आत येऊ नका! रूमवर साथ आहे!"

बाहेर दार वाजवायचं थांबलं.

"काय हाय म्हणला?"

"साथ! साथ आहे!"

"कोणाची?"

आता काय सांगणार? 'इन्फ्लुएंझा' हे नाव मला धड तब्येतीतही उच्चारता येत नव्हतं, आणि इथे घसा धरलेला. मी म्हणालो, "कॉलेजातलीच आहे. तिथूनच आली."

"कधी आली?"

"काल."

"आन् त्या गज्याला म्हाईत हाय का हे?"

"त्याच्यामुळंच तर आली!"

"मंग जाणार कधी ती?"

"ते कुठं आपल्या हातात आहे, काका? पाच-सहा दिवस तर सोडत नाही म्हणतात."

याच वेळी गज्याला जाग आली. खोकून खोकून त्याचा आवाज पार बारीक झाला होता, अगदी नव्या नवरीसारखा. त्या आवाजात तो लाडिक कण्हत म्हणाला, "कोण आलंय हो बाहीर?"

बाहेर काकांच्या हातातला जेवणाचा डबा पडला.

"घरी काय सांगू मी?" काकांनी विचारलं.

"सांगा, साथ आहे, मी सुपारीला येत नाही. आक्काच्या भल्यासाठीच करतोय म्हणावं."

"अरे, बापाचा तरी इचार कर!"

"त्यांचाच विचार करतोय! आप्पांचं आता वय झालं, काका. त्यांना झेपायची नाही ही!"

काका जिन्यावरून उतरल्याचा आवाज आला. फार हळू उतरले. आपल्या आजाराने माणूस किती हळवा झाला, असं वाटून मला त्या तापातही बरं वाटलं.

पुढचं मला आक्कानं सांगितलं. काका संध्याकाळच्या गाडीने परतले ते घरी न जाता आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, "सुध्यानं रूमवर पोरगी आणून ठुलीय. कालिजातली. म्या सोता आवाज ऐकला."

"पोरगी?" आप्पा म्हणाले.

"साथ हाय म्हणला. सुपारीला येत न्हाई म्हणला. आन् आप्पाला झेपायची न्हाई, असं बी म्हणला."

मायनं कपाळावर हात मारून घेतला. "म्या सांगत होते, बीयस्शी नगं! नगं! पार बिघडलं लेकरू!"

आप्पा तंबाखू मळत राहिले आणि ती तोंडात टाकायची विसरले. मग म्हणाले, "रविवारी पावणे येत्यात. त्यांच्या कानावर हे गेलं तर? आधी पोरगी खोकती म्हणत होते, आता पोरगं असं निघालं. कोण सुपारी फोडंल आपल्या घरात?"

आक्का उठून आत गेली. सुपारीसाठी आणलेलं नवं पातळ तिनं बाहेर काढून ठेवलं होतं. ते घडी मोडू न देता परत पेटीत ठेवलं. ती रडली नाही, असं ती म्हणते. मी तिला परत विचारलं नाही.

ठरलं असं, की पाहुण्यांना कळायच्या आत पोराला तिथून उचलून आणायचं. आप्पा निघाले. माय निघाली, कारण आप्पा रागाच्या भरात काय करतील याचा नेम नव्हता. आक्का निघाली, कारण मी तिचं एकटीचं ऐकतो. भानुदासकाका निघाले, कारण ते साक्षीदार होते. जिला या सगळ्यापासून लांब ठेवायला मी तडफडत पडलो होतो, तीच बाई भाड्याच्या जीपमध्ये सगळ्यात पुढे बसून माझ्याकडे येत होती!

गुरुवारी सकाळी दारावर थाप पडली. थाप कसली, दार हललं.

"सुध्या! उघड दार!"

आप्पांचा आवाज ऐकून मी तापात ताडकन उठून बसलो. "आप्पा? तुम्ही कशाला आलात? लांब व्हा! इथं साथ आहे!"

"म्हाईत हाय मला काय हाय ते! बाहीर काढ तिला!"

"ती अशी निघते का आप्पा? अंगात भिनलीय माझ्या!"

मायनं जिन्यातच बैठक मारली आणि गळा काढला. खालच्या दुकानातले हमाल पोती टाकून वर बघायला लागले.

"आप्पा, निदान तोंडाला रुमाल तरी लावा!" मी कळवळून ओरडलो.

"तोंडाला रुमाल?" आप्पा गरजले. "तोंड लपवायची पाळी आणलीस व्हय रं आमच्यावर? ढकल रं भानुदासा, दार!"

आमच्या दाराची कडी नावापुरतीच होती. एका धक्क्यात आप्पा, काका आणि दार असे तिघे आत आले. मागून माय आली. आणि तिला कोपऱ्यात काय दिसलं? हिरवं लुगडं! डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं, भिंतीकडे तोंड केलेलं, थरथर कापणारं कुणीतरी.

ते गज्याच्या आईचं जुनं लुगडं होतं. थंडी वाजली की तो तेच घ्यायचा. गोधडीपेक्षा ऊब देतं म्हणायचा.

मायचं रडणं थांबलं. ती मला ओलांडून त्या लुगड्याजवळ जाऊन बसली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, झालं ते झालं. कोणाची लेक हायेस तू? मायबापाला तरी सांगून आलीस का न्हाई? कापू नकोस. तोंड तर दाखव."

आणि तिनं पदर बाजूला केला. आत आठवड्याची दाढी होती. दाढी तिच्या तोंडावर सणसणीत शिंकली.

"काकू," गज्या त्या नवरीच्या आवाजात म्हणाला, "जरा पाणी देता का?"

पुढचे काही क्षण खोलीत फक्त खालच्या मिरचीचा खकाणा फिरत होता. मग मी सगळं सांगितलं. सर, इन्फ्लुएंझा, पेला, रुमाल, साथ. आप्पा माझ्याकडे बघत राहिले.

"म्हंजी सर्दी हाय?"

"साथ म्हणतात आप्पा तिला."

"सर्दी हाय का न्हाई?"

"...आहे."

"मंग सर्दी म्हणायला काय जीभ झडली व्हती का तुझी?"

इथं खरं तर त्यांनी परत जायला हवं होतं. मी हात जोडून तेच सांगत होतो. पण आमच्या घरात आजारी माणसापासून लांब राहणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. पोरानं बाई आणली नाही या आनंदात मायनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने माझं नाक पुसलं आणि त्याच पदराने स्वतःचे डोळे. काकांनी चहा मागवला. धुतलेला पेला एकच होता, माझं नाव कोरलेला, तो सगळ्यांत फिरला. आक्कानं स्टोव्हवर पाणी उकळून वाफाऱ्याचं पातेलं माझ्यापुढे ठेवलं, माझ्या डोक्यावरून चादर घेतली आणि पातेलं कलंडू नये म्हणून स्वतःचंही डोकं आत घातलं.

"आक्का, बाहेर हो! रविवारी तुझी सुपारी आहे!"

"गप. वाफ घे."

त्या अंधाऱ्या वाफेत मी तिच्या तोंडावर शिंकलो. तिनं पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मोकळं झालं न्हवं नाक?"

मग आम्हाला गावी न्यायचं ठरलं. गज्यालाही. "त्याला बी काय हितं मरायला सोडायचं का?" असं माय म्हणाली. हवा लागू नये म्हणून जीपचे सगळे पडदे बांधून घेतले आणि आम्ही सहाजण, आणि ड्रायव्हर, एकमेकांचा श्वास घेत गावाला निघालो. सरांनी 'असं करू नका' म्हणून सांगितलेल्या गोष्टींतली एकही राहिली नव्हती.

गावात उतरताना मी गज्याला म्हणालो, "अरे, ते लुगडं काढ!"

"थंडी वाजून राह्यली रं," तो म्हणाला, आणि हिरवं लुगडं डोक्यावरून नीट ओढून, मायच्या आधाराने, खाली मान घालून आमच्या घरात शिरला. पारावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं.

शनिवारपर्यंत आमच्या घरी उभं राहील असं माणूस उरलं नाही. आप्पा तापाने फणफणले. माय कण्हत कण्हत शिऱ्यासाठी रवा भाजत होती. भानुदासकाका कामावर गेले नाहीत, ही गावाच्या दृष्टीने मोठी बातमी होती. आणि आक्का कोपऱ्यात गुळाची ढेप घेऊन बसली होती. तिचे डोळे लाल होते. मला बघून म्हणाली, "तुझा काय दोष न्हाई सुध्या. माझं नशीबच गळकं हाय." मी परसात जाऊन उभा राहिलो. मरावंसं वाटत होतं, पण ताप उतरायला लागला होता.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे मामा बोलणी करणार होते. जाड मिशा, बारीक डोळे, सगळीकडे नजर. आक्का पाटावर येऊन बसली. गालात गुळाचा खडा. सुपारी मांडली. मामा म्हणाले, "बाई, नाव सांगा पूर्ण."

"शकुं..." आक्का म्हणाली.

गूळ विरघळून गेला होता. खोकला आला, दाबला, परत आला, आणि मग सुटला. ती वाकून खोकत राहिली. मामांनी सुपारीवरचा हात काढून घेतला. त्यांच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. हे आम्ही आधी बघितलं होतं. आता बशा ठेवायचा आवाज येणार, मग चपला शोधायचा.

तेवढ्यात माय खोकली. तिला तोंडावर पदर घ्यायला वेळच मिळाला नाही. मग आप्पा. मग दारातून भानुदासकाका. मग खांबाला टेकलेला गज्या, तो तर पावा फाटल्यासारखा! मी शिंकलो. एकदा सुरू झालं ते थांबेना. हळदी-कुंकवाचं ताट हिंदकळलं, अक्षता उडाल्या.

मामा बघतच राहिले. "समद्या घराला काय झालं हे?"

मी पुढे झालो. शिकलेला मीच होतो. "त्याचं काय आहे मामा, गावात सा..."

आप्पांनी ताप अंगात असताना जी झेप घेतली ती मी विसरणार नाही. त्यांचा तळहात माझ्या तोंडावर बसला. "सर्दी!" ते ओरडले. "सर्दी हाय पावणं! साधी सर्दी! लोकं काय बी म्हणत्यात, पन सर्दीच हाय!"

मामांनी सगळ्यांकडे एकदा फिरून पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. "आमच्या कानावर आल्तं, पोरीला छातीचं काय हाय म्हणून. तेच बघाय म्या आल्तो, खोटं कशाला बोलू? पन हितं तर शेजारी बी खोकून राह्यला! हे काय पोरीचं दुखणं न्हाई." मग त्यांनी स्वतःच एक जोरकस शिंक दिली. "घ्या! मला बी झाली! फोडा जल्दी सुपारी, न्हाईतर आमचे समदे पडतील हितंच."

सुपारी फुटली. आक्का त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने, पोटभर खोकली.

पुढच्या आठवड्यात तिचं सासर आडवं पडलं, असं कळलं. पण त्याला कुणी नाव ठेवलं नाही. नातं जुळल्याची खूण समजले.

तिचं झालं चांगलं. माझं म्हणाल तर फ्लू आठवड्यात गेला. 'साथ' मात्र गेली नाही. भानुदासकाकांनी रेल्वेच्या डब्यात जे सांगितलं होतं ते बदनापूरहून दोन्ही दिशांना गेलं, आणि पारावरच्यांनी हिरवं लुगडं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दाढीवाली होती, हे ऐकायला कुणाला सवड नव्हती. माझ्यासाठी स्थळ बघायला लागले की लांबून कुणीतरी हळूच विचारायचं, "पोराला कालिजात असताना साथ होती म्हणे?" मी म्हणायचो, "हो, फ्लूची होती." त्यावर ते मान हलवायचे, "नाव बी सांगून राह्यला बघा, निर्लज्ज!" स्थळं उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायची. पुढे आप्पा गेले, माय गेली. स्थळं यायची बंद झाली. गज्याला तीन पोरं आहेत.

आता मी जालन्यातच असतो, खोली करून, एकटा. खाली मिरचीचं दुकान नाही, त्यामुळे शिंक आली की ती खरीच असते. परवापासून अंगात कणकण आहे. पेला वेगळा, टॉवेल वेगळा; दुसरा घेणारच कुणी नाही, त्यामुळे सरांचे सगळे नियम आपोआप पाळले जातात. वाफाऱ्याचं पातेलं कलंडू नये म्हणून ते माझं मीच धरतो.

काल आक्काचा फोन आला. "आवाज का रं बसला तुझा? एकलाच हायेस का?"

तापात माणूस गाफील असतो. जुनी सवय. मी म्हणालो, "नाही गं, साथ आहे."

आक्का एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "खरंच? कोण हाय रं? कोणाची हाय? न्हाई, न्हाई, कोणाची का असंना! आता कोण काय म्हणणार हाय? आण तिला घरी!"

इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणाचा आवाज असा आनंदला नव्हता. तिला सर्दी म्हणायला माझी जीभ रेटेना. मी फोन तोंडापासून लांब धरला, तोंडावर रुमाल घेतला, आणि शिंकलो.

"अगं बाई," आक्का म्हणाली, "तिला बी सर्दी झाली का?"